स्पेलिंगकाका

इंग्रजी बोलणारी माणसं आता घिवलीत घरटी एक सापडतील. वाचणारी त्याहून जास्त. पण ज्याला इंग्रजीत साधा अर्ज लिहिता येत नाही, इंग्रजी बातम्या लावल्या की पाचव्या वाक्याला ज्याची मान पडते, आणि तरीही इंग्रजीवाचून ज्याचा एक दिवस जात नाही, असा माणूस आमच्याकडे एकच. रेशनकार्डावर त्यांचं काहीतरी भारदस्त नाव आहे. बोईसर स्टँडपासून दांडीपर्यंत ते ओळखले जातात स्पेलिंगकाका म्हणून.

"काका, तुम्हाला इंग्रजी येतं का हो?"

"इंग्रजी नाय येत. इंग्रजीची अक्षरं येतात."

हा विनय नव्हे, ही वस्तुस्थिती. मेकॅनिकच्या हाती चालू गाडी दिली तरी तो आधी ती खोलून बघतो, तसं काकांपुढे कुठलाही इंग्रजी शब्द आला की ते आधी तो खोलतात आणि सुट्या भागांतून दुसरं काय उभं राहतंय ते बघतात. समोरचा माणूस 'लिसन' म्हणाला तर काका ऐकत नाहीत. ते एल-आय-यस-टी-ई-यन मोजतात आणि सांगतात, "यातूनच सायलेंट होतो. म्हणजे गप्प." समोरचा खरोखरच गप्प होतो.

ही जमात तुमच्याही गावात असणार. वाचनालयात पेपर आल्या आल्या शब्दकोड्याचं पान पळवून खिडकी धरणारे, पेन्सिल नव्हे तर थेट शाईच्या पेनाने चौकोन भरणारे, लग्नपत्रिकेतलं 'आर्शिवाद' बघून अहेर कमी करणारे. काका त्यांच्यातलेच, पण अंमळ वरच्या इयत्तेतले. कोड्यात कोणीतरी सूचना तरी दिलेली असते. काकांना सूचना लागत नाही, नुसती पाटी पुरते.

पाट्यांची सुरुवात झाली 'अ‍ॅटॉमिक'ला. तारापूर अणुऊर्जा केंद्राला आमच्याकडे कोणी एवढ्या लांब नावाने हाक मारत नाही. १ आणि २ नंबरची युनिटं १९६९ साली सुरू झाली तेव्हा काका शाळेत पाटी पुसत होते. ३ आणि ४ नंबरचं, प्रत्येकी ५४० मेगावॅटचं काम निघालं तेव्हा ते एका ठेकेदाराच्या स्टोअरला लागले. नट, बोल्ट, वॉशर, गॅस्केट यांच्या मधोमध बसायचं, माल आला की बिन कार्डावर आवक, गेला की जावक, उरला तो शिल्लक. रात्रपाळीला ना आवक ना जावक. समोर पाट्या. काका पाट्या बघत बसत.

एका रात्री त्यांच्या लक्षात आलं की न्यूक्लिअर या शब्दाची पहिली दोन अक्षरं नुसती अदलाबदल केली की अनक्लिअर होतो. अक्षर एकही कमी नाही, एकही जास्त नाही. काकांना घाम फुटला. गेटवर बंदूकवाला जवान, आणि आपल्या हाती हे असं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. पुढच्या पाळीला रिअ‍ॅक्टरमधून क्रिएटर निघाला, म्हणजे निर्माता, साक्षात परमेश्वर. तेव्हा त्यांचा जीव जरा भांड्यात पडला. अनक्लिअर असलं तरी वर देव आहे. मग टर्बाइनमधून ट्रिब्यून, म्हणजे रोमन लोकांचा लोकप्रतिनिधी. अणुभट्टी एकाएकी बंद करण्याला तिथे स्क्रॅम म्हणतात. त्याच शब्दाचा बाहेरचा अर्थ 'चालते व्हा', आणि तीच पाच अक्षरं फिरवली की क्रॅम्स, म्हणजे कोंबतो. दोन्ही अर्थ काकांना आधीपासून ठाऊक होते, विरारच्या गर्दीत अंगाने शिकलेले. कूलंटमधून ऑक्टनॉल नावाचं रसायन निघतं हे कळलं तेव्हा ते शेजारच्या एमआयडीसीतल्या एका केमिस्टला मुद्दाम गाठून विचारून आले की असं खरंच असतं का. असतं. एक प्रकारचं अल्कोहोल. "पिण्यातलं?" "नाही." काकांनी कार्डावर तसं लिहून ठेवलं.

होय, कार्डावर. स्टोअरला कॉम्प्युटर आला आणि कोरी बिन कार्डं रद्दीत निघाली. ती काकांनी रीतसर किलोवर विकत घेतली. आजही त्यांच्या घरी चपलांच्या खोक्यांत ही कार्डं लावलेली आहेत. वर मालाचं नाव, म्हणजे मूळ शब्द. आवक, म्हणजे किती अक्षरं आली. जावक, म्हणजे नव्या शब्दात किती खर्ची पडली. शिल्लक. आणि शेवटचा रकाना 'शेरा', त्यात मराठीतून अर्थ. शेरा कोरा असेल तर कार्ड खोक्यात जात नाही, खिशात राहतं. काकांच्या सदऱ्याचा खिसा कायम फुगलेला असतो. नवीन माणसाला वाटतं, पैसे असतील.

पोफरण आणि अक्करपट्टी ही दोन गावं ३-४ नंबरच्या वेळी जागची उठवून दुसरीकडे वसवली गेली. काकांकडे पंचक्रोशीतल्या बहुतेक गावांचं कार्ड आहे, या दोन गावांचं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ती एकदा हलवलीत ना. पुरे."

बाकी रेल्वेला मात्र त्यांनी सोडलेलं नाही. मुलगी भाईंदरला दिलेली. २०१३ साली लोकल विरारपुढे डहाणूपर्यंत आली आणि काकांची सोय झाली, कारण लोकल प्रत्येक स्टेशनावर थांबते आणि प्रत्येक स्टेशनाला पिवळी पाटी असते. त्यांच्या शेजारी बसून विरार ते बोईसर यायचं म्हणजे तिकिटाचे पैसे वसूल. विरारमधून एअर निघते, "पाटीवर हाय, डब्यात नाय." वैतरणा आली की ते सरसावून बसतात, कारण तिच्या आठ अक्षरांतून व्हेरियंट हा सात अक्षरांचा शब्द निघतो, म्हणजे मूळ वस्तूचा थोडा वेगळा नमुना, आणि उरतो एक ए. सफाळ्यातून अल्फा. हा अल्फा त्यांना अ‍ॅटॉमिकच्या किरणोत्साराच्या तक्त्यावरून ओळखीचा. केळवे रोडला ते पाणी पितात. पालघरमधून ग्राफ, शिल्लक ए, यल. "१ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा झाला, तेव्हापासून ग्राफ वर चाललाय का खाली, ते तुम्ही ठरवा." उमरोळी हे त्यांचं लाडकं स्टेशन. पाटीवरच्या सहा अक्षरांचे नेमके दोन शब्द पडतात, रम आणि ऑइल, शिल्लक शून्य. समोरच्या बाकावरचा माणूस एवढा वेळ झोपेचं सोंग करून बसलेला असतो, तो इथे हटकून डोळे उघडतो.

आणि मग बोईसर. काका उठून उभेच राहतात. उतरायचं असतं म्हणून नव्हे. बी-ओ-आय-यस-ए-आर. फिरवा. आयसोबार.

हे कार्ड त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलंय. आवक सहा, जावक सहा, शिल्लक शून्य, शेरा मात्र दोन्ही बाजूंनी भरलेला. हवामानाच्या नकाशावर सारखा दाब असलेली ठिकाणं जोडणारी रेघ म्हणजे आयसोबार, हा झाला एक अर्थ. "सकाळच्या लोकलला उभं राहून बघा. दाब सगळ्यांवर सारखा." दुसरा अर्थ त्यांना एका तरुण इंजिनिअरने चहाच्या टपरीवर सांगितला आणि काका त्या दिवशी घरी उशिरा पोचले. अणुविज्ञानात ज्यांचा वस्तुमानांक एकच पण मूलद्रव्यं निराळी, अशा अणूंनाही आयसोबार म्हणतात. अरगॉन ४०, पोटॅशियम ४०, कॅल्शियम ४०. आतल्या कणांची एकूण संख्या तीच, पण एक वायू, एक पाण्यात टाकला तर पेट घेणारा, आणि एक आपल्या हाडांत. म्हणजे अणुकेंद्राच्या स्टेशनाला नाव पडायचं तर हेच पडायला हवं होतं, आणि ते आधीपासूनच पडलेलं होतं, फक्त अक्षरं इकडची तिकडे. हा निव्वळ योगायोग आहे असं मी एकदा म्हणून पाहिलं. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी रिक्षाचे पैसे दिले.

रिकामटेकडा उद्योग म्हणणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे गॅलिलिओ तयार असतो. १६१० साली गॅलिलिओला दुर्बिणीतून शनीच्या दोन्ही अंगांना काहीतरी चिकटलेलं दिसलं. शोध आपल्या नावावर तर राहायला हवा, पण खात्री होईतो कोणाला कळायला नको. म्हणून त्याने ते वाक्य लॅटिनमध्ये लिहिलं, त्याची ३७ अक्षरं विस्कटली आणि ते कडबोळं केप्लरपर्यंत पोचेल असं धाडलं. केप्लरने अक्षरं जुळवली, चुकीची जुळवली, आणि त्याच्या हाती लागलं की मंगळाला दोन चंद्र आहेत. पुढे १८७७ मध्ये मंगळाला खरंच दोन चंद्र सापडले. "बघा," काका म्हणतात, "चुकलं तरी बरोबर. रम्मीत होतं का असं?"

स्क्रॅबलचा डबा त्यांना मिळाला तो अ‍ॅटॉमिकच्या कॉलनीतल्या एका साहेबांची कैग्याच्या अणुकेंद्रात बदली झाली तेव्हा. सोफा, कुंड्या आणि हा डबा. मूळच्या १०० ठोकळ्यांपैकी ४ हरवलेले होते, दोन ई, एक यस, एक यच. काकांनी नारळाची करवंटी घासून, कापून, वर तापल्या तारेने अक्षर डागून चारही ठोकळे बनवले. काम इतकं सुबक की हातात घेऊन बघत राहावं. पाठीवर करवंटीच्या रेषा, कडा लोण्यासारख्या गुळगुळीत. पण गुळगुळीत म्हणूनच घोटाळा. पिशवीत हात घातला की बोटांना लगेच कळतं, ही करवंटी. आणि ई, यस म्हणजे या खेळातले हुकमाचे एक्के. गावातली पोरं पिशवीत हात घालून मिनिट मिनिट चाचपत बसायला लागली. काकांनी त्यावर नियम काढला. पिशवीत हात घालताना स्टोअरचा जाड सुती हातमोजा घालायचा. घिवलीतलं स्क्रॅबल आजही हातमोजा घालून खेळलं जातं. बाहेरचे पाहुणे समजतात, अ‍ॅटॉमिक जवळ आहे म्हणून काळजी घेत असतील.

दुसरा नियम जास्त कडक. शब्द लावला की अर्थ सांगायचा. मराठीत.

या नियमापायीच मोबाइलवाल्या पोरांशी त्यांचं जमत नाही. मोबाइलच्या खेळात गोल चाकावर पाच-सहा अक्षरं असतात, बोट ओढायचं, शब्द जमला की टिंग वाजतं आणि नाणी मिळतात. काकांचा नातू ओटीवर बसून बोट ओढत होता. आर, ओ, टी. रॉट. टिंग. मग टी, ओ, आर. टॉर. टिंग. मग ओ, आर, टी. ऑर्ट. टिंग.

"अर्थ?" काका झोपाळ्यावरून.

"काय माहीत. कॉइन मिळाले."

"चलान न बघता माल आत घेतलास?"

पोराला चलान कळेना. काका खाली उतरले, चेंबर्सची डिक्शनरी उघडली. ती फोर्टच्या फुटपाथवरून आणलेली, तिचं पहिलं पान दुसऱ्याच कोणाच्या मुंजीच्या आशीर्वादाचं आहे. रॉट म्हणजे कुजणं. टॉर म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा खडक. आणि ऑर्ट म्हणजे जेवून झाल्यावर ताटात राहतं ते उष्टं.

काकी अंगणात सुक्या बोंबलांचे वाटे लावत होती. मोठे एकीकडे, मोडके एकीकडे, ओल लागलेले नाकाशी धरून तिसरीकडे. तिने हात न थांबवता विचारलं, "उष्ट्याला पण इंग्रजीत वेगळा शब्द हाय?"

"हाय."

"मग उचलतं कोण?"

यावर चेंबर्स गप्प होती. काकांनी विषय बदलून सांगितलं की याच तिघांत एक यस टाकला तर सॉर्ट होतो, म्हणजे तू करतेस ते. काकीने मोडक्यांतला एक बोंबील मोठ्यांत टाकला आणि म्हणाली की हे मी यसशिवाय चाळीस वर्षं करतेय.

या अर्थाच्या हट्टाने एकदा गंमत झाली. शाळेत कोणी पाहुणे एआयवर बोलायला येणार होते. सरांना वाटलं, आधी मुलांना थोडी कल्पना द्यावी, आणि काका वाटेतच भेटले. स्क्रॅबलवाल्यांना दोन अक्षरी शब्द पाठ असतात, अडल्या वेळी तेच तारतात. एए म्हणजे हवाई बेटांवरचा खडबडीत लाव्हा. क्यूआय म्हणजे चिनी लोकांची प्राणशक्ती. काकांनी क्षणही न दवडता मुलांना सांगितलं, "एआय हा दक्षिण अमेरिकेतला तीन नखांचा प्राणी. झाडाला उलटा लटकतो. अत्यंत आळशी. कामाचा काय उपयोग नाय." पाहुण्यांनी येऊन पहिलाच प्रश्न विचारला, एआयमुळे कोणाच्या नोकऱ्या जातील? मुलांनी एकमेकांकडे बघितलं.

पण काकांचं खरं दुःख वेगळं आहे, आणि ते गावाच्या नावातच आहे. घिवली इंग्रजीत लिहिताना सात अक्षरं लागतात. स्क्रॅबलमध्ये पट्टीवर ठोकळेही सातच. सातही एका दमात लावले तर वर ५० गुणांचं बक्षीस. आणि एका संध्याकाळी, इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याबरोबर डाव मांडला असताना, काकांनी हातमोज्यातून पहिली सात अक्षरं काढली ती जी, यच, आय, व्ही, ए, यल, आय. यच करवंटीचा.

काका काही बोलले नाहीत. हातमोजा काढायचेही विसरले. अक्षरांचे १४, पहिली खेळी म्हणून दुप्पट २८, वर ५०. ७८ तर कुठे गेले नव्हते. पण विशेषनाम चालत नाही. गावाचं नाव, माणसाचं नाव, देवाचं नाव, या खेळात काही चालत नाही. भाचा म्हणाला, "लावा मामा, घरचाच खेळ आहे." मामांनी लावलं नाही. स्टोअरला आयुष्य काढलेला माणूस. नियमात बसत नाही तो माल काउंटरवर ठेवत नाही. चहा आला, गार झाला. जीएचआय लावता आलं असतं, म्हणजे तूप, आपल्याकडूनच गेलेला शब्द. व्हिजिल लावता आलं असतं, म्हणजे जागरण. मागे उरतात ए आणि यच, म्हणजे जागायचं आणि वर आह करायचं. भरतीची वाट बघत रात्र काढणाऱ्या गावाला तो शब्द शोभला असता. काकांनी लावलं व्ही-आय-जी-आय-ए.

"असा शब्द नाहीये," भाचा म्हणाला.

चेंबर्स. व्हिजिया. शेरा: समुद्राच्या नकाशावरची धोक्याची खूण, तिथे खडक किंवा उथळ जागा असल्याचं कोणीतरी सांगितलंय, पण आहे की नाही ते पक्कं ठाऊक नाही.

भाच्याला हे पटेना. नाही पक्कं, तर नकाशावर कशाला? शेजारचे म्हातारे तांडेल ओट्याला टेकून बसले होते. त्यांना ना स्क्रॅबल कळत होतं ना इंग्रजी. त्यांनी विडी विझवली. "बरोबर हाय," ते म्हणाले. "खडक असेल नसेल. जाळं आपलं असतं." काकांना १८ गुण मिळाले. डाव ते हरले. व्हिजियाचं कार्ड मात्र त्या दिवसापासून तांडेलांच्या खिशात आहे. त्यांनी मागून घेतलं.

एवढं सगळं होऊनही काकी या भानगडीत पडली नव्हती. तिची शाळा चौथीपर्यंत, तीही मराठी. मग नातवासाठी भाईंदरहून मराठी अक्षरांचा खोका आला. पाठीला लोहचुंबक, फ्रिजवर चिकटतात, काना-मात्रा-वेलांटी सगळं सुटं. नातवाने दोन दिवस चिकटवलं आणि मोबाइलकडे वळला. तिसऱ्या सकाळी काका पाणी प्यायला गेले तर फ्रिजवर लिहिलेलं होतं, नवरा. त्याच्याखाली काही नव्हतं. काका सुखावले. दुपारी गेले तर काना उचलून व च्या पुढे आलेला आणि बाकीची जरा सरकलेली. वानर.

"हे चालत नाय," काका म्हणाले. "काना म्हणजे अक्षर नव्हे. मराठीत अक्षर फोडता येत नाय."

"बरं." काकीने काना काढून पदराला पुसला. राहिलं वनर. "आता ह्याचा अर्थ सांगा."

काकांना तो सांगता आला नाही. काना मान्य झाला. संध्याकाळपर्यंत दीर होता त्याची दरी झालेली होती, आणि काका जमिनीवर मांडी घालून नवीन कार्डं आखत बसले होते. रफाराची नोंद कुठल्या रकान्यात, जोडाक्षर एक नग धरायचा की दोन, असे गंभीर प्रश्न होते.

दुसऱ्या दिवशी काकी बोईसरच्या बाजाराला लवकर गेली. काका उठले तर फ्रिजवर मधोमध ठळक लिहिलेलं, रवा. त्यांनी काना उचलला. राव. पुन्हा उचलला, अक्षरंही फिरवली. वार. तीन नगांत तीन शब्द, आणि तिन्हींना अर्थ! बोईसरच्या आयसोबारनंतर एवढा स्वच्छ हिशेब त्यांना लागला नव्हता. त्यांनी कार्ड भरलं, सही केली, मला हाक मारून दाखवलं, तांडेलांना दाखवलं.

अकराच्या सुमाराला काकी टोपली उतरवून आत गेली आणि लगेच बाहेर आली.

"फ्रिजवर काय लिहिलं होतं?"

"रवा," काका अभिमानाने म्हणाले.

"अर्थ?"

"भरडलेला गहू."

"नाय," काकी म्हणाली. "संपलाय."